दोन सेल माझे, दोन त्याचे

"मावशी, यात रिचार्जेबल घालू की साधे?" असं म्हणत कुणी काउंटरवर रोलचा कॅमेरा ठेवला की माझं डोकं उठतं. इतकी वर्षं कॅमेरे उघडत बसले, अडकलेली शटरं सोडवली, भिंगावरची बुरशी पुसली, ऐन अक्षतांच्या वेळी फ्लॅश उडाला नाही म्हणून रडकुंडीला आलेले फोटोग्राफर शांत केले. पण सेलचं विचारलं की मी गोंधळते. खोटं कशाला बोलू? दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा वाटलं होतं चार शहाणपणाच्या गोष्टी लिहाव्यात. लिहायला बसले आणि आठवला तो मंद्रूपच्या मल्लप्पांचा कॅमेरा. त्यात शहाणपण कुठं सापडतंय का ते तुम्हीच बघा.

आधी थोडा धंदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या पद्मशाली विणकर घरात बाकी सगळे मागावर, मी एकटी स्क्रू-ड्रायव्हरवर. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांच्याजवळ बसून चिमटा धरायला शिकले. आई तेलुगूत कपाळावर हात मारून घ्यायची, की हिला कोण करून घेणार. केलं एकानं, आणि त्यानंच मला हे दुकान काढून दिलं. मोबाईल आल्यावर ते दुकान बंद पडल्यातच जमा होतं. आता मात्र कॉलेजातली पोरं माळ्यावरचे बापाचे कॅमेरे धूळ झटकून घेऊन येतात. त्यांना रोलवर फोटो काढायचे असतात. का, ते विचारू नका, मलाही कळलेलं नाही.

रोलचे कॅमेरे साधारण दोन प्रकारचे. एकात सगळं हातानं फिरवायचं, त्याला उजेड मोजायपुरता एक बटण सेल लागतो. दुसऱ्यात मोटर असते. रोल भरला की मोटर तो ओढून घेते, फोटो काढला की पुढं सरकवते, आणि रोल संपला की सगळा परत डबीत गुंडाळते. याला पेन्सिल सेल लागतात, बहुतेक वेळा चार. नवा साधा सेल दीड व्होल्टचा, रिचार्जेबल त्याच्यापेक्षा जरा कमी. चारांचा मिळून एवढा फरक पडतो की काही कॅमेरे पूर्ण चार्ज केलेल्या रिचार्जेबललाही 'सेल संपला' म्हणून हटून बसतात. आणि गंमत म्हणजे मोटर ओढायला तोच रिचार्जेबल दमदार. साध्याचा दीडचा आकडा दिसायला मोठा, जोर पडला की खाली बसतो. पडून राहिला तर जुन्या पद्धतीचा रिचार्जेबल आपोआप उतरतो. नवीन निघालेत ते वर्षभर टिकतात म्हणतात. साधा टिकतो, पण कप्प्यात विसरला की पाझरतो आणि आतली पितळी पट्टी खाऊन टाकतो. म्हणून मी सांगते, रोज काढणाऱ्यानं रिचार्जेबल घ्यावा, सणासुदीला काढणाऱ्यानं साधा घ्यावा आणि काम झाल्यावर सेल बाहेर काढून ठेवावेत. एवढं पाठ केलंत की तुम्ही माझ्याइतकेच हुशार झालात.

पण गिऱ्हाईक नियमात बसत नाही. आमच्या गल्लीतला एक टेलर चाचा संपलेले सेल पत्र्यावर उन्हात ठेवायचा. "धूप में रखे तो जान आती है," म्हणायचा. येतेही जरा. पण सोलापूरच्या मे महिन्यातलं ऊन म्हणजे काय, एकदा चारही सेल पत्र्यावरच फुटले. एक लग्नाचा फोटोग्राफर खंडेनवमीला कॅमेऱ्याची पूजा करायचा, तेही सेलचा कप्पा उघडून, आतल्या स्प्रिंगला हळदकुंकू लावून. शक्ती आत असते, असं त्याचं म्हणणं. दर दसऱ्यानंतर तो यायचा आणि मी स्प्रिंगवरचं कुंकू खरवडायची. देवीपुढं काय बोलणार?

आता मल्लप्पा. मागच्या थंडीत, येळवस आठवड्यावर आली असताना, सत्तरीचा एक माणूस दुकानात आला. येळवस म्हणजे आमच्या भागातली वेळ अमावस्या. त्या दिवशी सगळं घर रानात जाऊन जेवतं. त्यांनी पंच्याची गाठ सोडून एक मोटरवाला कॅमेरा काढला आणि दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवला.

"अक्का, सेल बदलायचं हाय. पर आतला रोल हलता कामा न्हाय."

"किती फोटो झालेत?"

"म्हाईत न्हाय. आकडाच दिसंना."

"मग रोल काढू आणि धुवायला देऊ की. झालेले फोटो तरी हाताला लागतील."

त्यांनी कॅमेरा माझ्यापुढून ओढूनच घेतला. "धुवायचा न्हाय. संपवायचा बी न्हाय. वरसाला एकच काढायचा."

मला काही कळेना. रोल संपवायचा नाही तर भरला कशाला, आणि कॅमेरा ठेवला कशाला? म्हटलं असतील एकेकाच्या तऱ्हा. सेलचा कप्पा उघडला, तर आत पांढरं-हिरवं पीठ माजलेलं. चारातले दोन सेल लाल वेष्टनाचे, दोन निळे. लाल दोन फुटले होते.

"हे दोन-दोन वेगळे कुणी घातले?"

"दोन माझं, दोन त्याचं."

"त्याचं म्हणजे कुणाचं?"

"इरप्पाचं. धाकल्या भावाचं," ते म्हणाले आणि वर पंख्याकडं बघत बसले.

मग चहा आला आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. मल्लप्पा आणि इरप्पा यांची मंद्रूपच्या शिवारात एकत्र शेती होती. वाटणी झाली ती भांडून. रान तुटलं, बैलं गेली, विहिरीच्या पाळ्या लागल्या, भांडीकुंडी मोजून दोन्हीकडं गेली. राहिला हा कॅमेरा. कांद्याच्या एका चांगल्या वर्षी दोघांनी हौसेनं घेतलेला. मल्लप्पांचा मुलगा बसू चौथीत होता, त्याच्या गॅदरिंगला त्यात रोल भरलेला, तो अर्धा झालेला. त्यात दोन्ही घरची माणसं होती. पंच म्हणाले, रोल मधनं कापून वाटता येत नाही. हा रोल दोघांनी मिळून संपवा, मग कॅमेरा इरप्पाचा. तोवर तो मठात राहील. येळवशीला दोन्ही घरं एका बांधावर येऊन फोटो काढतील आणि सेल दोघांनी दोन-दोन द्यायचे.

तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोललेले नाहीत. बायका बोलतात, पोरं बोलतात. हे दोघे नाहीत. पण येळवशीला दोन्ही घरं येतात, फोटोला उभी राहतात, आणि आलेत म्हटल्यावर तिथंच जेवतात. पहिल्या वर्षी दोन फोटो काढले होते. दुसऱ्या वर्षापासून मल्लप्पांनीच एकावर आणलं.

"रोल संपला की इरप्पा कशाला येतोय, अक्का?" ते म्हणाले.

माझेही भाऊ आहेत, एकाच पेठेत राहतो आणि दिवाळीला फोनवर भेटतो. पण ते इथं नको.

मी त्यांना सेल का फुटले ते समजावलं. चार सेल म्हणजे एका औताला जुंपलेले चार बैल. दोन ताजे, दोन थकलेले असले की ताजे ओढत राहतात आणि थकलेल्याची आतडी बाहेर येतात. म्हणून चारही एका जातीचे, एका वयाचे, एकाच पाकिटातले लागतात. मल्लप्पांनी नीट ऐकून घेतलं. आणि मग ते म्हणाले, "मग चारी कुणाचं घालायचं? माझं घातलं तर त्यो म्हणंल मल्लप्पानं कॅमेरा दाबला. त्याचं घालायचं तर त्याला सांगायला कोन जातंय?"

तेवढ्यात बसू आला. चिंचोळी एमआयडीसीत कारखान्यात आहे, पाळी संपवून वडलांना न्यायला आलेला. त्यानं खिशातून नव्या रिचार्जेबल सेलचं पाकीट काढलं. चार होते. "मावशी, यातले दोन आमचे म्हणून घालतो, काका त्यांचे साधे दोन देतील."

"बाबा रे, आत्ता तासभर तुझ्या वडलांना काय सांगत होते मी?"

"मग चारही रिचार्जेबल घाला. दर वर्षी सेल उकिरड्यावर टाकायचे, तिथून खताबरोबर रानात. आपणच खातो ते."

पोराचं चूक नव्हतं. पण मल्लप्पा म्हणाले, "आनि चार्ज कुनाच्या मीटरवर करायचं?"

मला हसू फुटलं. मग बघितलं तर दोघंही हसत नव्हते. वाटणीत लायटीचं मीटरही वेगळं झालेलं होतं.

शेवटी मीच तोडगा काढला. सेल दोन्ही घरांचे नकोत, माझ्या दुकानातले घालू. मी ना इकडची ना तिकडची. मल्लप्पांना ते एकदम पटलं. "व्हय, ह्ये बरं हाय. कुठलं घालायचं ते तुमीच ठरवा," असं म्हणून ते मोकळे झाले आणि सगळं घोंगडं माझ्या गळ्यात आलं.

खरी अडचण पुढंच होती. सेल मेले की हा कॅमेरा सगळं विसरतो. त्याच जातीचं एक भंगारातलं, पण मोटर फिरणारं मढं माझ्याकडं पडून होतं, त्यात खराब रोल घालून बघितलं. सेल काढून लगेच घातले तर गडी शहाण्यासारखा वागला. दिवसभर बाहेर ठेवून घातले, तर त्याला वाटलं रोल संपलाय, आणि गर्रर्र करून सगळा गुंडाळून मोकळा. मल्लप्पांचा कॅमेरा तर कधीपासून मेलेला. म्हणजे नुसते नवे सेल घालायचा अवकाश, रोलही संपला आणि येळवसही संपली.

एकच वाट होती. आमच्याकडं एक काळी पिशवी असते, तिला दोन बाह्या असतात. त्यातून आत हात घालून अंधारात काम करायचं, म्हणजे रोलला उजेड लागत नाही. पिशवीत कॅमेऱ्याचं पाठचं दार उघडायचं, दार उघडं असतानाच सेल घालायचे आणि दार लावायचं. मग त्याला वाटतं, अरे, नवा रोल भरला. तो थोडा पुढं सरकवून थांबतो. सरकताना दोन-तीन फोटोंची जागा वाया जाते, पण आधीचं सगळं शाबूत राहतं. मढ्यावर करून बघितलं, जमलं.

आता सेल कुठले? व्हिनेगरच्या बोळ्यानं कप्पा स्वच्छ केला आणि काउंटरवर एका बाजूला साधे चार, एका बाजूला रिचार्जेबल चार मांडून बसले. साधे घालावेत, तर येळवस झाल्यावर वर्षभर मठात पाझरणार. पाझरतील म्हणून बाहेर काढावेत, तर कॅमेरा विसरणार. रिचार्जेबल घालावेत, तर उतरले की पुन्हा विसरणार. दर वर्षी माझ्याकडं आणून चार्ज करावेत, तर दर वर्षी काळी पिशवी आणि दर वर्षी दोन-तीन फोटो वाया. इकडे आड, तिकडे विहीर. साधे उचलले आणि ठेवले. रिचार्जेबल उचलले, तेही ठेवले. त्या दिवशी एक गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं, माझा चेहरा बघून. शेवटी रिचार्जेबल घातले. का, असं विचाराल तर आजही नीट सांगता येत नाही. साधे पुन्हा फुटले तर कॅमेराच जाईल, एवढी एक भीती होती. बाकी डोकं चालत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बापलेक बघायला आले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आकडा होता, एक.

"एक? म्हंजे पुन्ना पैल्यापासनं?" मल्लप्पांचा चेहरा असा उजळला की मला बोलवेना. पण बोलले. म्हटलं, "नाही हो. तो आकडा खोटा आहे. त्याला वाटतंय रोल नवा आहे. आत जेवढा उरलाय तेवढाच आहे, थोडा कमीच. कधीही संपेल."

"पर एक दावतोय की."

बसूनंही कानडीतून समजावलं. मल्लप्पांनी मान हलवली. गिऱ्हाइकाला हवं ते ऐकून झालं की पुढच्या बोलण्यावर ते जशी मान हलवतात, तशी. मी आणखी कडक बोलायला हवं होतं का, कुणास ठाऊक. "येळवशीला तुमीच घिऊन या," ते म्हणाले, "म्हंजे कुनाच्या घरनं आला असं व्हायचं न्हाय."

म्हणून येळवशीला मी पर्समध्ये कॅमेरा घालून एसटीनं मंद्रूपला गेले. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी केलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पाच पांडव म्हणून मांडलेले. पूजा झाली, आंबील शिंपडून झालं. भज्जी म्हणजे भाज्या-कडधान्यांचं कालवण, तिच्या पातेल्यावरचं झाकण कुणी काढलं की सगळ्या रानाला वास सुटत होता. एका बाजूला मल्लप्पांचं घर, दुसऱ्या बाजूला इरप्पांचं. इरप्पा उंच, भावापेक्षा काळेसावळे. त्यांनी मला नमस्कार केला आणि पुन्हा ज्वारीकडं बघत राहिले.

आधी फोटो, मग जेवण, असा रिवाज. सगळे बांधावर उभे राहिले. दोन भाऊ दोन टोकांना. मल्लप्पांची बायको गंगव्वा आणि तिची जाऊ मात्र मध्ये खेटून. मी म्हटलं, जरा जवळ या, फोटोत मावत नाही. भाऊ हलले नाहीत. मीच मागं सरकले आणि बटण दाबलं.

फोटो निघाला. मोटर फिरली, आणि फिरतच राहिली. तो गर्रर्र आवाज मी आयुष्यभर ऐकलाय. दुकानात ऐकला की बरं वाटतं, रोल सुखरूप डबीत गेला म्हणून. त्या बांधावर तो संपेना.

"काय झालं, अक्का?" मल्लप्पा तिथूनच म्हणाले.

"रोल संपला."

"एक दावत हुता की," ते म्हणाले. मटकन बांधावर बसले.

मोटर थांबली. मग इरप्पा त्या टोकाकडून चालत आले. मला वाटलं, आता कॅमेरा मागतील, ठरल्याप्रमाणं. ते माझ्यापुढून गेले आणि मल्लप्पांसमोर उभे राहिले.

"अण्णा," ते म्हणाले. "सेल कुठलं घातलंस?"

मल्लप्पांनी वर बघितलं. "रिचार्जेबल. अक्कानं घातलं."

"चारी?"

"चारी."

"आनि माझं दोन?"

"तुझं लाल हुतं. लालच फुटलं."

"माझं कशाला फुटतंय? मी चांगल्या दुकानातनं आनतो. तूच उन्हात ठिवलेलं घालतूस, पैल्यापासनं. हातबॅटरीत बी त्येच करायचास."

"बॅटरीतलं तू संपवायचास. रातच्याला पानी धरायला गेलास की सगळीकडं उजेड पाडत."

"मग काय अंधारात धरू? साप हुतं तितं."

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, मिसळले म्हणून फुटले, कुणाचेही फुटले असते. माझ्याकडं कुणी बघितलंही नाही. बसू पुढं व्हायला लागला तसा गंगव्वानं त्याचा सदरा धरला. "बोलू दे," ती म्हणाली. "कुनी मधी पडू नगा." तिच्या हातातला वाढायचा डाव तसाच होता आणि ती पदरानं डोळे पुसत होती.

बॅटरीवरून ते पाण्याच्या मोटारीवर गेले, मोटारीवरून विहिरीवर. विहिरीवर आले तेव्हा मला धास्ती वाटली, भांडण तिथूनच सुरू झालेलं असणार. पण दोघेही तिथं थांबले. मल्लप्पा म्हणाले, "घे. कॅमेरा तुझा झाला. ठरल्यालं हाय."

इरप्पांनी माझ्या हातून कॅमेरा घेतला. दार कसं उघडायचं विचारलं, मी दाखवलं. रोलची डबी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "धुवून आना. दोन-दोन काढा सगळ्याचं." तो रोल मी नंतर पुण्याला पाठवला. इतक्या वर्षांच्या उन्हाळ्यांत किती रंग उरले असतील, मला शंकाच आहे.

मग त्यांनी कॅमेरा उलटा केला, नखानं खालचा कप्पा उघडला आणि चारही सेल तळहातावर पाडले. मला वाटलं दोन-दोन करतात. त्या घरांची सवयच ती. पण त्यांनी मल्लप्पांचा डावा हात ओढला आणि चारही सेल त्या हातात घातले.

"कॅमेरा माझ्याकडं ऱ्हाईल," इरप्पा म्हणाले. "सेल तुझ्याकडं. नवा रोल मी आनतो. फुडच्या येळवशीला तू चारी घिऊन ये."

मल्लप्पांनी मूठ मिटली. गंगव्वानं ताटं वाढली, दोघांची शेजारी शेजारी. मल्लप्पांनी भाकरी उजव्या हातानंच कशीबशी मोडली, भज्जीत बुडवून खाल्ली, आंबीलही एका हातानं प्यायले. डावी मूठ त्यांनी जेवण होईपर्यंत उघडली नाही.